झबल्याला गिऱ्हाईक

मराठीत तान्ह्या बाळाच्या कपड्यांना किती गोड शब्द आहेत बघा. झबलं, टोपडं, कुंची, लंगोट, दुपटं. पण या शब्दांबरोबर आकडा कधीच येत नाही. कुंची आजी शिवते, दुपटं जुन्या सुती साडीचं होतं, टोपडं मावशी विणते. त्याला किती तास लागले हे कोणी विचारत नाही. विचारलं तर उलट आजीच रागावेल.

खरी गंमत सुरू होते ती हेच झबलं विकायला काढल्यावर. आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी हे करत असतंच. कोणी क्रोशाचे मोजे विणतं, कोणी झबल्यावर बदकं भरतं. बघणारे सगळे "किती गोड!" म्हणतात. आणि मग तो अवघड प्रश्न येतो : गिऱ्हाईक आणायचं कुठून? दुकानदाराला घाऊक द्यायचं, की आपण एकेक करून विकायचं?

हा प्रश्न इंटरनेटच्या जमान्यातला वाटतो, पण तो जवळजवळ दोनशे वर्षं जुना आहे. अमेरिकेत तर या एका प्रश्नापायी संस्था निघाल्या, संप झाले, कायदे झाले. म्हणजे आपल्याला अभ्यासाला बऱ्यापैकी मोठा डेटा आहे! आजचा वीकेंड त्याच्यासाठी.

आधी हा माल काय आहे ते समजून घेऊ, कारण तो जरा विचित्र आहे. कापड अगदी थोडं लागतं, यंत्र लागत नाही, घरातली कामं उरकता उरकता मांडीवर घेऊन करता येतं. म्हणजे धंद्यात शिरणं सोपं. आता गिऱ्हाईकाकडून बघा. कपडा घालणारा बोलू शकत नाही, आणि विकत घेणारी असते आत्या, मावशी, आजी किंवा आईची मैत्रीण. म्हणजे ही बहुतेक वेळा भेटवस्तू असते आणि तिच्यावर माणूस एरवीपेक्षा सैल हातानं खर्च करतो. पण बाळ चार महिन्यांत त्या कपड्यात मावेनासं होतं आणि दोन-तीन वर्षांत ते घर तुमचं गिऱ्हाईकच उरत नाही. नवीन गिऱ्हाईक रोज जन्माला येतं आणि जुनं रोज मोठं होऊन निघून जातं. आमच्या भाषेत सांगायचं तर चर्न रेट शंभर टक्के. त्यामुळे हाताने कपडे करणाऱ्या बाईला गिऱ्हाईक एकदा शोधून भागत नाही, ते सतत शोधावं लागतं. आणि ती शोधत बसली तर शिवणार कधी?

इथूनच मधला माणूस जन्माला येतो.

अमेरिकेतली पहिली गोष्ट १८३२ सालच्या फिलाडेल्फियातली. तिथल्या सधन घरांतल्या काही बायकांनी 'लेडीज डिपॉझिटरी' नावाची संस्था काढली. ज्या घरांचे एकेकाळी चांगले दिवस होते आणि आता नाहीत, अशा घरांतल्या बायकांनी शिवलेल्या-भरलेल्या वस्तू तिथं विकायला ठेवायच्या. त्या काळी 'चांगल्या घरच्या' बाईनं पैशासाठी काम करणं ही लाजेची गोष्ट होती. म्हणून काम देणाऱ्या बाईचं नाव गुप्त राहायचं. पोटासाठी शिवायचं, पण शेजाऱ्याला कळता कामा नये! आपल्याकडेही हे अगदीच परकं नाही, नाही का?

ही कल्पना खरी फोफावली ती अमेरिकन यादवी युद्धानंतर. युद्ध १८६५ साली संपलं आणि मागे विधवांची, कमावता माणूस गमावलेल्या घरांची मोठी संख्या राहिली. न्यूयॉर्कमध्ये कँडेस व्हीलर नावाच्या बाईंनी १८७७ साली 'सोसायटी ऑफ डेकोरेटिव्ह आर्ट' काढायला पुढाकार घेतला. आदल्या वर्षीच्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्यांनी लंडनच्या भरतकाम शाळेचं काम पाहिलं होतं. पण या सोसायटीला फक्त कलात्मक वस्तू चालायच्या. ज्या बाईला उत्तम लोणचं घालता येतं किंवा साधं सरळ झबलं शिवता येतं, पण 'कला' येत नाही, तिनं काय करायचं? म्हणून व्हीलरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली 'न्यूयॉर्क एक्स्चेंज फॉर वुमन्स वर्क' सुरू केलं. इथं केक, मुरंबे, रजया, बाळाचे कपडे, जे चांगलं असेल ते चालायचं.

पद्धत साधी होती. बाई वस्तू आणून ठेवणार, समितीतल्या बायका ती तपासणार, दर्जा नसेल तर परत. विकली गेली की एक्स्चेंज १० टक्के कापून बाकीचे पैसे बाईला देणार. विकली नाही तर वस्तू बाईची. आपल्याकडच्या बाजारात याला 'जांगड' म्हणतात : माल दुकानात, पण मालकी अजून माल देणाऱ्याची. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अशी सत्तरएक एक्स्चेंजं अमेरिकेतल्या शहरांमधून उभी राहिली. सेंट लुईसचं १८८३ सालचं. आज ज्याला आपण मोठ्या ऐटीत मार्केटप्लेस म्हणतो, त्याची ही आवृत्ती १.० समजा.

बाळांचे कपडे या दुकानांची खास ओळख बनली, विशेषतः स्मॉकिंग केलेले. स्मॉकिंग म्हणजे कापडाच्या बारीक चुण्या घालून त्यांवर भरतकामाचे टाके घेणं. इलॅस्टिक नव्हतं तेव्हा कपडा ताणला जावा म्हणून निघालेली ही युक्ती. बाळ वाढलं तरी छातीवरचा भाग थोडा सैलावतो आणि फ्रॉक आणखी काही महिने चालतो. दिसायला सुंदर, वापरायला सोयीचा आणि यंत्राला सहज न जमणारा. हातकामाला याहून चांगलं उत्पादन कुठलं सापडणार?

मग घोडं कुठं अडलं? १० टक्क्यांत दुकानाचं भाडंच निघत नव्हतं. बरीच एक्स्चेंजं देणग्यांवर चालायची आणि अनेकांनी जोडीला जेवणाची किंवा चहाची खोली काढली. म्हणजे झबल्याचा तोटा सँडविचनं भरून काढायचा. व्हासार कॉलेजच्या इतिहासाच्या प्राध्यापिका ल्यूसी सॅमन यांनी १८९२ साली एक लेख लिहिला आणि शीर्षकातच विचारलं : वुमन्स एक्स्चेंज हा धर्मादाय आहे की धंदा? त्यांचा रोख असा होता की गरज बघून माल घेतला की दर्जाचा आणि भावाचा हिशेब बिघडतो. प्रश्न बोचरा होता, पण योग्य होता. दयेपोटी खरेदी करणारं गिऱ्हाईक एकदा येतं, फार तर दोनदा.

तरीही या संस्था चिवट निघाल्या. त्यांनी १९३४ साली आपला महासंघ काढला आणि न्यूयॉर्कचं एक्स्चेंज थेट २००३ पर्यंत चाललं. सव्वाशे वर्षं! आपल्या धंद्यातल्या किती कंपन्या तेवढं जगतील?

हा झाला किरकोळ विक्रीचा मार्ग. आता घाऊक. ही गोष्ट जास्त कडू आहे.

न्यूयॉर्कमध्ये १८७९ साली, म्हणजे एक्स्चेंजच्या पुढच्याच वर्षी, 'लिलिपुशियन बझार' नावाचं मुलांच्या कपड्यांचं दुकान निघालं. पुढे ते बेस्ट अँड कंपनी म्हणून प्रसिद्ध झालं. अशी मोठी दुकानं वाढली तशी त्यांची मागणीही बदलली. त्यांना एक सुंदर झबलं नको होतं. त्यांना एकाच मापाची, एकाच नक्षीची, ठरलेल्या तारखेला पोचणारी शेकडो डझन झबली हवी होती. आता कुठलीही एकटी बाई, कितीही हुशार असली तरी, हे देऊ शकत नाही. तिथं पाहिजे कापड वाटणारा, नक्षी छापणारा, गोळा करणारा, तपासणारा, धुऊन इस्त्री करून पाठवणारा. म्हणजे कंत्राटदार. आणि कंत्राटदार आला की काम स्वस्त हातांकडे सरकायला लागतं.

ते सरकत सरकत थेट फिलिपिन्सला पोचलं. हा देश १८९८ साली अमेरिकेच्या ताब्यात गेला. १९०९ च्या कायद्यानं तिथला बराचसा माल अमेरिकेत जकात न भरता यायला लागला. तिथल्या मुलींना नाजूक भरतकाम येत होतंच, स्पॅनिश काळापासून जोगिणींच्या शाळांमधून ते शिकवलं जाई. मनिलामध्ये १९१२ साली सरकारनं 'स्कूल ऑफ हाउसहोल्ड इंडस्ट्रीज' काढली आणि शिकून गेलेल्या बायकांनी आपापल्या गावी इतरांना शिकवावं अशी योजना केली. आणि मग १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. फ्रान्स-बेल्जियमहून येणारं भरतकाम आटलं आणि अमेरिकन व्यापाऱ्यांची नजर मनिलाकडे वळली.

साखळी अशी चालायची : कापड बऱ्याचदा अमेरिकेतूनच यायचं, मनिलात कापून त्यावर नक्षी छापली जायची, एजंट ते गावोगाव वाटायचे, लुंबान, ताल अशा गावांमधल्या बायका घरी बसून भरायच्या, माल परत मनिलाला, तिथं धुलाई-इस्त्री, मग बोटीनं अमेरिकेला. त्या काळात अमेरिकेतल्या कित्येक बाळांच्या अंगावरचा 'हँडमेड' फ्रॉक असा अर्ध्या जगाची फेरी मारून आलेला असायचा. फिलाडेल्फियाच्या बाईचं नाव लाजेपायी लपवलं गेलं होतं. लुंबानच्या बाईचं नाव कोणी विचारलंच नाही.

हेच मॉडेल प्वेर्तो रिकोत उभं राहिलं, मायाग्वेझ शहर त्याचं मोठं केंद्र. हेच टेक्सासच्या सॅन अँटोनियोत. तिथल्या मेक्सिकन वस्त्यांमधल्या बायका १९३० च्या दशकात घरी बसून तान्ह्या बाळांचे कपडे हातानं शिवायच्या. मजुरी नगावर, आणि तासाचा हिशेब केला तर हातात काही सेंट पडायचे. मायाग्वेझमध्ये १९३३ साली शिवणकाम करणाऱ्या बायकांचा मोठा संप झाला. सॅन अँटोनियोत १९३७ साली शर्ली फ्रॉक्स या कंपनीत आणि १९३८ साली टेक्सास इन्फंट ड्रेस कंपनीत संप झाले. लक्षात घ्या, गिऱ्हाईकांची कमतरता अजिबात नव्हती. मालाला उठाव होता, दुकानं भरलेली होती. तरी टाका घालणारीच्या हातात काही उरत नव्हतं.

याच १९३८ साली अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा आला : तासाला २५ सेंट. पण घरात बसून किती तास काम झालं हे मोजणार कोण? शेवटी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला कामगार खात्यानं सात उद्योगांमध्ये घरून काम करून घेण्यावर जवळजवळ बंदीच घातली. त्यात भरतकाम होतं, बायकांचे कपडे होते, विणलेले लोकरी कपडे होते. शोषण थांबवायचा हेतू शंभर टक्के खरा. पण औषध जालीम होतं, ज्यांना खरोखरच घरी बसून विणायचं होतं त्यांनाही ते लागू पडलं. व्हरमाँट राज्यातल्या घरी टोप्या विणणाऱ्या बायकांचं प्रकरण १९८० च्या सुमारास गाजलं. बंदी आपल्या भल्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कामगार संघटनांचं म्हणणं, बंदी उठली की जुने दिवस परत येतील. दोघांचंही खरं होतं. विणकामावरची बंदी १९८४ साली उठली.

मग आलं आपलं युग. ब्रुकलिनमध्ये २००५ साली एट्सी सुरू झालं. कल्पना काय? वस्तू बनवणारी बाई आपलं दुकान स्वतः मांडणार आणि कंपनी छोटं कमिशन घेणार. ओळखीचं वाटतंय ना? १८७८ चंच एक्स्चेंज, फक्त नाव लपवण्याऐवजी आता नाव आणि चेहरा हाच मालाचा भाग झाला. 'मी दोन मुलांची आई, स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिवते' हे वाक्य आता विकायला मदत करत होतं.

बाळाच्या कपड्यांना लगेच एक धक्का बसला. आयात खेळण्यांच्या रंगात शिसं सापडल्यामुळे २००७ साली मोठा गदारोळ झाला आणि २००८ साली अमेरिकेत मुलांच्या वस्तूंसाठी कडक चाचण्यांचा कायदा आला. हेतू उत्तम. पण मोठी कंपनी एका नमुन्याची चाचणी करून एक लाख नग विकते, आणि घरी शिवणारीचा प्रत्येक नमुना वेगळा. चाचणीचा खर्च फ्रॉकपेक्षा जास्त! छोट्या उत्पादकांनी खूप आरडाओरडा केला. २००९ साली साध्या कापडाला शिशाच्या चाचणीतून सूट मिळाली आणि २०११ साली छोट्या प्रमाणावर माल करणाऱ्यांसाठी काही चाचण्यांतून वेगळी सवलत आली.

दुसरा धक्का घरातूनच. २०१३ साली एट्सीनं बाहेरच्या कारखान्याची मदत घ्यायला परवानगी दिली, २०१५ साली कंपनी शेअरबाजारात गेली, आणि कमिशन ३.५ टक्क्यांवरून २०१८ साली ५ आणि २०२२ साली ६.५ टक्के झालं. त्यावर विक्रेत्यांनी एप्रिल २०२२ मध्ये चक्क संप केला. दुकानदारांना घाऊक माल विकायची सोयही एट्सीनं २०१४ साली काढून पाहिली होती, ती २०१८ साली बंद केली.

आता इतिहास बाजूला ठेवून थोडं गणित करू. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. समजा एका भरतकाम केलेल्या झबल्याला कापड-दोरा १५० रुपयांचा आणि ५ तास लागतात.

घाऊक : दुकानदाराला ५५० ला दिलं. तासाला ८० रुपये, रोख, डोक्याला ताप नाही. दुकानदार साधारण दुप्पट लावून ११०० ला विकेल.

जांगड : दुकानात ८०० ला ठेवलं, १० टक्के कमिशन. विकलं गेलं तर हातात ७२०, म्हणजे तासाला ११४. वा! पण तिनातलं एक परत आलं तर? तीन नगांचे १४४० आले, कापड ४५० चं, तास १५. तासाला ६६. वर न खपलेलं झबलं कपाटात.

स्वतः ऑनलाइन : ८०० ला विकलं, ६.५ टक्के गेले, उरले ७४८. पण फोटो, मेसेजना उत्तरं, पॅकिंग, कुरियर यात नगामागे २ तास गेले. म्हणजे ७ तासांचे ५९८, तासाला ८५. तेही सगळे नग खपले आणि बाकीच्या फिया धरल्या नाहीत तर.

बघा, तिन्ही मार्ग फिरून फिरून त्याच गावाला येतात. मधल्या माणसाचं कमिशन म्हणजे सरसकट लूट नाही. गिऱ्हाईक शोधणं आणि न खपलेल्या मालाची जोखीम उचलणं हेही काम आहे. ते तुम्ही करा, नाहीतर करणाऱ्याला पैसे द्या.

मग सॅन अँटोनियोत काय बिघडलं होतं? चौथी ओळ लिहू. मॉलमध्ये यंत्राचं झबलं ३०० ला मिळतं म्हणून बाई म्हणते, जाऊ दे, २५० ला देऊन टाकू, नाहीतरी घरीच तर बसलेली असते. कापड वजा जाता १०० रुपये, तास ५. तासाला २० रुपये. तिला कोणी फसवलं नाही. तिनं फक्त स्वतःचे तास मोजले नाहीत, आणि समोरच्यानं आनंदानं ते न मोजलेले तास विकत घेतले.

मला या सगळ्या इतिहासातून दिसतं ते एवढंच. हातानं केलेल्या बाळाच्या कपड्यांना गिऱ्हाईक नव्हतं असा काळ या दोनशे वर्षांत सापडत नाही. दुष्काळ असतो तो तास मोजणाऱ्याचा. सुरुवातीला म्हटलं ना, आजीच्या कुंचीला आकडा नसतो. घरात ते सुंदर आहे. तीच सवय बाजारात नेली की तिची मजुरी होते, तीही पडेल भावाची. आणि अवघड भाग असा की भाव वाढवला तर काही गिऱ्हाईकं खरंच जातील. किमान वेतनाचा कायदा असो की एखादीनं स्वतःशी केलेला हिशेब, दोन्हींची ही किंमत आहे. म्हणून काही नमुने सोडून द्यावे लागतात आणि जिथं यंत्र पोचत नाही ते करावं लागतं. एक्स्चेंजवाल्या बायका स्मॉकिंगवर इतकी वर्षं टिकल्या त्या यामुळेच.

आपण बहुतेक जण या व्यवहारात काउंटरच्या अलीकडे उभे असतो. मुंबईत महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात बचतगटाची बाई स्वतः आपल्या मालामागे बसलेली असते, मधे कोणी नाही. तिथं एखादं झबलं हातात घेऊन "जरा कमी करा ना मावशी" म्हणायच्या आधी एकच विचारा : याला किती वेळ लागला हो? उत्तर ऐकून मनात भागाकार करा. आपल्याला आपला तासाचा दर पक्का ठाऊक असतो, अप्रेझलच्या महिन्यात तर पैशापर्यंत ठाऊक असतो.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.